आधी पाणी, मग कोळसा

जमिनीखालची कोळसा खाण पाहायला गेलं की बराच वेळ जमिनीवरच जातो, हे मला ठाऊक नव्हतं. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर भागातली ती खाण. फाटकातून आत गेल्यावर साध्या बैठ्या इमारती लागल्या: हजेरीची खोली, बत्तीघर, कँटीन, प्रथमोपचार केंद्र, न्हाणीघर, वर्कशॉप. खाणीचं तोंड कुठेच दिसेना. सोबतचे ओव्हरमन, म्हणजे पाळीतल्या कामावर आणि माणसांवर लक्ष ठेवणारे, म्हणाले, "हे सगळं खाणच आहे. हे चालू नसलं तर खाली कोणाला पाठवता येत नाही."

बत्तीघरात चार्जिंगच्या रॅकवर हेल्मेटला लावायचे दिवे ओळीने टांगलेले होते. प्रत्येक दिव्याला नंबर, आणि तो ठरलेल्या माणसाचाच. मला दिवा मिळाला, कमरेला सेल्फ रेस्क्यूअर बांधला. आग लागून विषारी वायू पसरला तर तोंडाला लावून बाहेर पडायचं हे उपकरण. मग झडती झाली. बिडी, काडेपेटी, लायटर, मोबाइल, काहीच आत नेता येत नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एका ठिणगीने स्फोट होतो. मी रॅकवरच्या रिकाम्या जागा पाहत होतो. ओव्हरमन म्हणाले, "प्रत्येक रिकाम्या जागेचा माणूस खाली आहे. पाळी सुटल्यावर जागा रिकामी राहिली तर आम्ही शोधायला लागतो." त्यानंतर त्या रॅककडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं.

तिथून पंखाघरात गेलो. माझी समजूत अशी की पंखा खाणीत हवा ढकलत असेल. इथला पंखा आतली वापरलेली हवा बाहेर ओढत होता. त्या ओढीमुळे ताजी हवा दुसऱ्या तोंडातून आपोआप आत शिरते आणि ठरलेल्या वाटांनी कामाच्या जागेपर्यंत जाते. भिंतीवर यू आकाराची काचेची नळी होती, अर्धी पाण्याने भरलेली. तिला वॉटर गेज म्हणतात. नळीचं एक टोक पंख्याच्या बोगद्याला जोडलेलं, दुसरं मोकळं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो, तीच पंख्याची ओढ, मिलिमीटरमध्ये मोजलेली. खाली एखादी हवेची वाट ढासळून बंद झाली, किंवा एखादं दार उघडं राहिलं, की इथलं पाणी वरखाली होतं. बोटभर पाण्यावरून खालच्या हवेची खबर लागते, हे मी वाकून पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

मग इन्क्लाइनने, म्हणजे उताराच्या बोगद्याने, खाली निघालो. बाजूने हॉलेजचा, म्हणजे कोळशाचे डबे ओढायचा, तारेचा दोर. काही अंतर गेल्यावर मानेवर थेंब पडला, मग खांद्यावर. छतातून पाणी झिरपत होतं आणि कडेच्या नालीतून वाहत होतं. मी विचारलं, पाऊस तर कधीचा थांबलाय, मग हे येतं कुठून? या भागात कोळशाच्या थरांवर कामठी वालुकाश्म आहे. त्याच्या फटींत आणि कणांमध्ये पाणी साठतं. कोळसा काढल्यावर मागे राहिलेल्या पोकळीला गोफ म्हणतात. तिचं छत खचलं की वरच्या खडकाला तडे जातात आणि साठलेलं पाणी खाली उतरतं. म्हणजे जिथे जिथे कोळसा काढाल, तिथे पाण्याला वाट करून द्याल.

नालीच्या कडेने चालत आम्ही संपापाशी, म्हणजे पाणी गोळा करायच्या हौदापाशी, पोहोचलो. तिथे पंप चालू होता आणि पंप खलाशी, म्हणजे पंप चालवणारे कामगार, स्टुलावर बसून त्याचा आवाज ऐकत होते. केस पिकलेले. मी ओरडूनच विचारलं, "काका, पंप वरच का नाही बसवत? पाइप सोडायचा आणि वरून ओढून घ्यायचं." ते म्हणाले, "ओढून किती वर येईन? पाच-सात मीटर. पुढं ढकलाच लागते." पंप स्वतः पाणी ओढत नाही. तो पाइपमधली हवा कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर रेटते. ती अगदी आदर्श स्थितीतही दहा मीटरच्या थोडंच पुढे रेटू शकते. म्हणून पंप पाण्याजवळ ठेवायचा आणि तिथून वर ढकलायचं. शंभर मीटर उंच चढवायचं तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलो दाब लागतो.

पंपाच्या दांड्यापाशी पाणी ठिबकत होतं. काकांनी तिकडे बोट केलं. "हे थेंब थेंब पडू द्याचं, भाऊ. ग्लँड घट्ट आवळली तं आतली दोरी जळते." तेवढ्याच थेंबांनी फिरणारा दांडा आणि त्याभोवतीचं, ग्लँडने दाबलेलं दोरीचं पॅकिंग थंड राहतं. मग ते जे बोलले ते मी वहीत तसंच लिहून घेतलं: "कोळसा आज नाही निघाला तं उद्या काढता येते. पाणी आज नाही निघालं तं उद्या खाली उतरताच येत नाही."

ते बोलणं किती खरं आहे, हे चासनाल्याने दाखवलेलं आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या त्या खाणीत जुन्या कामांत साठलेलं पाणी फुटून आत घुसलं आणि ३७५ कामगार बुडाले. जुन्या पाणसाठ्याच्या ६० मीटरच्या आत काम न्यायचं तर खाण सुरक्षा महानिदेशालयाची परवानगी लागते. पुढे लांब भोकं पाडून, पाणी कुठे आहे याचा अंदाज घेत सरकावं लागतं. खाणीचा नकाशा अचूक असणं म्हणजे जीव वाचणं, हे मला त्या अंधारात कळलं.

वर आल्यावर मी त्याच पाण्यामागे गेलो. ते पाइपमधून सेटलिंग टँकमध्ये पडतं. तिथे कोळशाची भुकटी तळाशी बसते. निवळलेलं पाणी धूळ दाबायच्या फवाऱ्यांना, आग विझवायच्या पाइपलाइनला जातं. कन्हान नदीच्या खोऱ्यातल्या खाणींत वाळू पाण्यात मिसळून गोफ भरण्याची पद्धत आहे. वाळू आत राहते आणि पाणी पुन्हा संपात येतं. पिण्यासाठी मात्र हे पाणी गाळून, शुद्ध करून, तपासून द्यावं लागतं. १९५५ च्या खाण नियमांनी कामावरच्या दर माणसामागे किमान दोन लिटर पिण्याचं पाणी ठेवणं बंधनकारक केलं. पाटणसावंगीला तर वेकोलिने, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीने, खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीबंद केलं. खाली जे शत्रू होतं, तेच वर तहान भागवत होतं.

फाटकाबाहेर एका शेतकऱ्याशी बोललो. म्हणाला, खाण आल्यापासून विहिरीचं पाणी खोल गेलं. जमिनीखालून सतत उपसा होत असेल तर आसपासच्या विहिरींची पातळी उतरू शकते, एवढं आता मलाही समजत होतं. संपात मी जे पाहिलं, त्यात त्याच्या विहिरीचाही वाटा असू शकतो. म्हणून खाणीचं पाणी गावाला देणं हे दान समजू नये. तो गावाचा हक्क आहे.

कोळसा एक दिवस संपेल. पंप बंद होतील आणि पोकळ्या पाण्याने भरतील. दुष्काळी भागात तो मोठा साठा ठरू शकतो आणि शेजारच्या चालू खाणीला धोकाही. खाण बंद करायच्या आराखड्यात पंप कोण चालवणार, पाणी कोण तपासणार आणि ते कोणत्या गावांना मिळणार, हे पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. ते लिहिताना त्या पंप खलाशांना शेजारी बसवून घ्यावं. पाणी कुठून येतं आणि किती येतं, हे त्यांना पाठ आहे.