छापा पडला, फोटो निघाला. पुढं?

१२ जून, म्हणजे बालमजुरीविरोधी दिन जवळ आला की आमच्या तालुक्यात हमखास एक बातमी होते. एखाद्या हॉटेलवर छापा, दोन-तीन पोरं, शेजारी साहेब लोक आणि फोटो. गेल्या वर्षी अशाच एका छाप्यानंतर मी विचारलं, "साहेब, पोरं आता कुठं जाणार?" उत्तर आलं, "ते आमच्याकडं येत नाही. फोटो मिळाला ना तुम्हाला?"

मित्रहो, म्हणूनच 'द प्राइस ऑफ फ्री' हा माहितीपट बघा असं सांगतोय. कैलाश सत्यार्थींच्या कामावर डेरेक डोनीन यांनी केलेला. २०१८ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला अमेरिकी माहितीपटांचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. कॅमेरा कार्यकर्त्यांसोबत छाप्यात घुसतो, ते बघताना अंगावर काटा येतो. पण सत्यार्थींचं काम तिथं संपत नाही. १९८० पासून चालू असलेल्या बचपन बचाओ आंदोलनाला दिल्लीत मुक्ती आश्रम आणि राजस्थानात विराटनगरला बाल आश्रम उभे करावे लागले. कारण उघड आहे. पोरगं घरी पोचलं आणि घरची उधारी तशीच राहिली, तर दलाल पुन्हा दारात येणारच.

आता आपल्याकडचं बघा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापता येत नाही. तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोराचा चेहरा लख्ख दिसतो आणि मालक मात्र 'एक हॉटेलचालक' एवढाच. त्यात २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी केली, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदतीची सवलत ठेवली. त्यामुळं "माझा पुतण्याच आहे हो" हे उत्तर गल्ल्यावर तयारच असतं.

यंदा छाप्याच्या दिवशी मी जाईनच. पण महिन्यानं पुन्हा जाऊन तीन गोष्टी विचारणार आहे: पोराची थकलेली मजुरी मिळाली का? शाळेत नाव लागलं का? मालकावर गुन्हा दाखल झाला का? उत्तरं इथंच टाकीन, पोराचा चेहरा न दाखवता.

तोवर तुमच्या चहाच्या टपरीवर कुणी 'छोटू' राबत असेल, तर त्याचा फोटो टाकू नका. १०९८ ला फोन करा.