आडवे पान

घडियाळी पोळ येथील आमच्या घराच्या देवघरात लाल फडक्यात बांधलेली एक पोथी आहे. तिची पाने रुंद, उंचीने आखूड आणि सुटी. एक वाचून झाले की ते वरच्या बाजूस उलटावयाचे. ताडपत्र मुळातच लांबट, म्हणून त्यावरील ओळी आडव्या धावल्या. पुढे कागद आला तरी पोथीने तोच आकार राखला. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातील हस्तलिखितांतही तो पाहावयास मिळतो. आडव्या पानाचे संकट पोथीला ठाऊक नव्हते. ते आले बांधणीच्या उभ्या पुस्तकाबरोबर, आणि आमच्या घरी आले आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी.

समारंभास येणाऱ्या आप्तांना घराण्याची एक छोटी पुस्तिका द्यावी, असे ठरले. मजकूर आजोबांचा, संगणकाचे काम आम्हां भावंडांचे. अडली ती वंशावळ. जुन्या वंशावळींत बहुधा पुरुषांचीच नावे असत. आजोबांनी मात्र लेकीसुनांची नावेही मोठ्या कष्टाने मिळविली होती. तो विस्तार पानाच्या २१० मिलिमीटर रुंदीत मावेना. आडवे धरल्यास २९७ मिळत होते.

अडोबी कंपनीने १९९३ साली आणलेल्या पीडीएफ या पद्धतीत स्थान मोजतात ते सामान्यतः पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. माप पॉइंटाचे, एका इंचात ७२. आमचे पान ५९५ रुंद व ८४२ उंच भरले. आम्ही मजकूर डावीकडे नव्वद अंशांनी फिरविला आणि पाहतो तो पान कोरे! त्या कोपऱ्याभोवती फिरून सात पिढ्या डाव्या कडेबाहेर गेल्या होत्या. ५९५ पॉइंट उजवीकडे सरकविताच सारे पूर्वज परतले. जपानी लिपीप्रमाणे अक्षरे एकाखाली एक रचावी, असेही मध्यंतरी ताईने सुचविले होते. परंतु तसे करताच शिरोरेषा तुटली आणि नावे ओळखू येईनात. देवनागरीची ओळ फिरवावयाची तर सबंधच फिरवावी लागते.

मोठ्या अभिमानाने आम्ही ते पान आजोबांना पडद्यावर दाखविले. मानेच्या दुखण्यामुळे त्यांना मान कलती करता येत नाही. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, कागद असता तर हाताने फिरविला असता. हे यंत्र कसे फिरवू? माझ्या आईचे नाव नीट पडले आहे ना, एवढेच मला पाहावयाचे होते.”

आम्हांस फार लाज वाटली. त्या रात्री शोधता शोधता कळले की मजकूर फिरविणे निराळे आणि पान फिरविणे निराळे. पीडीएफच्या प्रत्येक पानास ‘रोटेट’ नावाची एक सूचना जोडता येते. ती मजकुराला हात लावीत नाही, दाखविताना पान तेवढे उजवीकडे वळविते. मजकूर डावीकडे नव्वद अंश, पान उजवीकडे नव्वद अंश. पडद्यावर सारे सरळ! छापखान्याच्या प्रतीत ती सूचना ठेवली नाही. तेथे वंशावळीचा माथा पानाच्या डाव्या कडेस राहिला आणि पुस्तिका इतर पानांसारखीच उभी बांधली गेली.

सकाळी आजोबांनी चष्मा लावून वाचावयास आरंभ केला. आईचे नाव बरोबर होते. परंतु त्याच ओळीत त्यांचे बोट थांबले. त्यांच्या धाकट्या आत्याचे नाव आमच्या हातून राहून गेले होते. ते घालताच ओळ त्या आडव्या पानावरही मावेना. शेवटी सर्वांचीच अक्षरे किंचित बारीक करावी लागली.