साठ गुंठे गवत

आमच्या घराभोवती साठ गुंठे गवत आहे. म्हणजे दीड एकर. इथे ओहायोत हा आकडा कुणाला सांगितला तर "हं, बऱ्यापैकी आहे" म्हणून माणूस पुढच्या विषयाकडे वळतो. कऱ्हाडकडच्या आमच्या नातेवाइकांना सांगितला की मात्र उलटतपासणी सुरू होते. काय पिकतं? गवत. जनावरं किती? एकही नाही. मग गवताचं करता काय? कापतो. आणि मग? मग ते परत वाढतं, परत कापतो. यानंतर फोनवर जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी असते.

बरं, हे वेड आमच्या एकट्याचं नाही. २००५ साली नासाच्या एका अभ्यासात उपग्रहाच्या चित्रांवरून अमेरिकेतल्या हिरवळीचा अंदाज काढला होता. तो निघाला सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त जमिनीवर लोक गवत वाढवतात, ते फक्त कापण्यासाठी! या सगळ्याला जबाबदार माणूस म्हणजे इंग्लंडमधला एडविन बडिंग. कापडाच्या गिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कातरायचं यंत्र असायचं. ते पाहून यांना वाटलं की असंच गवतही कातरता येईल, आणि १८३० मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. त्याआधी असली हिरवळ ठेवायची तर विळेवाल्यांची फौज नाहीतर मेंढ्या पाळाव्या लागत, म्हणजे सरदार-जमीनदारांनाच ते परवडे. बडिंगसाहेबांनी ती चैन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली आणि त्याचा शनिवार काढून घेतला.

आमच्या घरात गवत मी कापते. नवऱ्याला गवताच्या परागकणांची ऍलर्जी आहे. मे महिन्यात तो नुसत्या खिडकीतून बाहेर बघितलं तरी शिंकतो (हे तो खोडून काढेल, पण ब्लॉग माझा आहे). आमच्याकडे होतं ते ढकलत न्यायचं २१ इंची यंत्र, आधीच्या छोट्या घरापासूनचं. मागच्या वर्षी मी सहज वेळ लिहून ठेवायला लागले. एका कापणीला सरासरी तीन तास वीस मिनिटं. एप्रिल ते ऑक्टोबर मिळून अठ्ठावीस कापण्या. नव्वद तासांच्या वर झाले हे! कामाचे दोन सबंध आठवडे आणि वर थोडं.

आणि "मग कमी वेळा काप" हा सल्ला चालत नाही. आमच्याकडे केंटकी ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यू यांचं मिश्रण आहे. ही थंड हवेतली गवतं, मे महिन्यात पाऊस आणि गारवा असला की वेड्यासारखी वाढतात, जुलै-ऑगस्टच्या उन्हात मलूल होतात, सप्टेंबरात परत जोर धरतात. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये असा नियम आहे, म्हणजे तीन इंच ठेवायचं तर साडेचार इंचाच्या आत कापायला हवं. मेमध्ये पाच-सहा दिवसांत तेवढं होतं. नाही कापलं तर पुढच्या वेळी ओल्या गवताचे लगदे यंत्राखाली अडकतात आणि तीन तासांचे चार होतात.

तर या मार्चमध्ये ठरवलं की मोठं यंत्र घ्यायचं. नवऱ्याचं मत पहिल्या दिवशीच तयार होतं: झीरो-टर्न. मी म्हटलं, थांब, आधी हिशोब मांडू.

हिशोब सोपा आहे आणि दुकानात कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवते. पात्याची रुंदी इंचांत, वेग ताशी मैलांत, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि ९९ ने भागायचं. उत्तर येतं तासाला किती एकर. ते कागदावरचं. पट्ट्यावर पट्टा थोडा चढवावा लागतो, वळावं लागतं, म्हणून त्याचे ऐंशी टक्के धरायचे. माझं २१ इंची, ताशी तीन मैल: अर्धा एकर. म्हणजे दीड एकराला तीन तास, माझ्या वहीशी जुळतंय. ४२ इंची लॉन ट्रॅक्टर ताशी चार मैलांनी: तासाला १.३६ एकर, म्हणजे साधारण एक तास सहा मिनिटं. ५२ इंची झीरो-टर्न ताशी पाच मैलांनी: पाऊण तासाच्याही आत. जाहिरातीत सात-आठ मैल लिहिलेले असतात, पण खडबडीत जमिनीवर त्या वेगाने यंत्र उड्या मारतं आणि गवत कुठे कापलं जातं, कुठे नुसतं झोपतं.

गंमत पुढेच आहे. तीन तासांवरून एका तासावर आलं की दोन तास वाचले. एका तासावरून पाऊण तासावर आलं की वाचली वीसेक मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांसाठी साधारण दीड-दोन हजार डॉलर जास्त. दुकानातला माणूस "जितकं रुंद तितकं लवकर" एवढंच म्हणत होता. ते खरंच आहे, पण आमच्या मागच्या कुंपणाचं दार चार फुटी. ४८ इंची यंत्र ४८ इंचाच्या दारातून जात नाही हे सांगायला गणित लागत नाही. शिवाय बाजूला गवत फेकणाऱ्या तोंडाचा अजून फूटभर, ते दुमडलं तर ठीक.

झीरो-टर्नच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता: झाडं. आमच्याकडे मॅपलची अकरा झाडं आहेत. ट्रॅक्टर झाडाला गोल वळसा घालताना बुंध्याभोवती गवताचं कडं सोडतो आणि ते नंतर दोरीवाल्या ट्रिमरने कापत बसावं लागतं. झीरो-टर्नच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळ्या हायड्रोस्टॅटिक मोटरी असतात. स्टिअरिंग नाही, दोन हातांत दोन दांडे. एक पुढे ढकलला, दुसरा मागे ओढला की यंत्र जागच्या जागी भोवऱ्यासारखं गर्रकन फिरतं. माझ्या वहीप्रमाणे ट्रिमरचे पस्तीस मिनिटं होते, तेही कमी झाले असते. पण याला दुसराही उपाय होता, आणि तो यंत्राच्या दुकानात मिळत नव्हता. जवळजवळ असलेली तीन-चार झाडं मिळून एकच आळं करायचं, त्यात लाकडाचा भुसा पसरायचा. अकरा वळशांचे चार झाले. तेही लांबट, कोपरे नसलेले. दोन शनिवार-रविवार गेले, पण पस्तीस मिनिटांची पंधरा झाली. यंत्र कुठलंही घ्या, हे आधी करा असं मी आता भेटेल त्याला सांगते.

बॅटरीवर चालणारी बैठी यंत्रंही पाहिली. आवाज कमी, पेट्रोलचा वास नाही, किंमत मात्र वरची. (कॅलिफोर्नियात २०२४ च्या मॉडेल वर्षापासून नवीन छोटी पेट्रोल यंत्रं विकण्यावर बंदी आली आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींना हा प्रश्नच उरलेला नाही.) आपोआप फिरणारे रोबोटही आहेत. पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न होता, तो म्हणजे मागचा उतार आणि अण्णा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय एकाहत्तर. मे ते सप्टेंबर आमच्याकडे असतात. आयुष्यभर शेती केलेला माणूस, त्याला इथे सोफ्यावर बसवलं की तो तिसऱ्या दिवशी आजारी दिसायला लागतो. आल्या आल्या त्यांनी गवताकडे पाहिलं, "एवढा चारा, अन् एक म्हस नाय?" म्हणाले आणि दुसऱ्या वाक्यात विचारलं, "मशीन कवा आणताय?" यंत्र मीच चालवणार असा घरातला समज होता, तो अण्णांचा नव्हता. झीरो-टर्न अण्णांना जमलं नसतं असं नाही. पण त्या दांड्यांची सवय व्हायला वेळ लागतो आणि पहिल्या पंधरा दिवसांत सगळेच जण कुठेतरी गवत उखडतात. स्टिअरिंग त्यांच्या हाताला माहीत होतं.

उताराचं असं. मागे पावसाचं पाणी वाहून जायचा ओढा आहे आणि त्याकडे सहा-सात गुंठे जमीन उतरत जाते. बैठ्या यंत्रांच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी पंधरा अंशांची मर्यादा दिलेली असते, काही झीरो-टर्नना दहाचीच. कारण झीरो-टर्नची पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीसारखी नुसती फिरती असतात. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांच्या हातात. ओल्या गवतावर ती घसरली की चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, यंत्र सरळ खाली जातं.

नवरा म्हणाला, "पंधराच्या आतच असेल गं." अण्णांनी विचारलं, पंधरा अंश म्हणजे किती? मी सांगितलं, चार फुटांत तेरा इंच. "मग फळी आण, अन् पाणसळ." गॅरेजमधून चार फुटी फळी आणली. तिचं एक टोक उतारावर टेकवलं, बुडबुडा मधोमध आणला आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजलं. साडेपंधरा इंच. तीन ठिकाणी मोजलं, तिन्हीकडे तेवढंच थोडंफार. म्हणजे जवळजवळ अठरा अंश. अण्णा फळी खांद्यावर टाकून म्हणाले, "हितं बैल सुद्धा आडवा घालायचा नाय." तिथे झीरो-टर्नचा विषय संपला.

घेतला ४२ इंची ट्रॅक्टर. उतारावर तोही न्यायचा नाही असं ठरलं. तिथे वर्षातून दोनदाच कापायचं, बाकी वाढू द्यायचं. आमच्या भागात त्याला हरकत नाही, आणि जुलैत तिथे इतकी फुलपाखरं आली की शेजारीण फोटो काढायला आली. पहिली कापणी अण्णांनी विळ्याने केली. हो, विळा. कऱ्हाडच्या बाजारातून नवाकोरा, वर्तमानपत्रात गुंडाळून, मोठ्या बॅगेतून आणलेला. रोज सकाळी दीड-दोन तास, चार दिवस. गवत बांधून पेंढ्याही केल्या. त्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही :)

आता जे लिहायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं ते. ट्रॅक्टर आला त्या दिवशी अण्णांनी पहिली फेरी मारली, थांबले, आणि आमच्या पाच वर्षांच्या धाकटीला हाक मारली. मांडीवर बसवायला. ती पळत सुटली. मी मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "नाही अण्णा. तिला बसवायचं नाही."

त्यांना कळेचना. "अगं, हळू चालवतो." मी म्हटलं, हळूचाही नाही. "माझी चारी पोरं मडगार्डवर बसूनच मोठी झाली की!" हे खरं आहे. नवरा त्यातलाच एक, आणि तो त्या वेळी गॅरेजमध्ये काहीतरी शोधत होता, जे त्याला बराच वेळ सापडलं नाही. मी सांगितलं की पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत जातो. मूल घसरलं तर ते खाली नाही, पात्याकडे जातं. इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की बैठ्या यंत्रावर मुलाला कधीच न्यायचं नाही, आणि कापणी चालू असताना सहा वर्षांखालचं मूल घरातच हवं. अण्णा ऐकत होते, पण चेहरा दगडासारखा. सून सासऱ्याला अंगणात उभं राहून, नातीच्या देखत, नाही म्हणते आहे. मला त्याची जाणीव होती आणि पाय थरथरत होते. धाकटी रडायला लागली. अण्णा उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि आत गेले.

तो दिवस आणि दुसरा दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. चहा घेतला, "बरं" म्हणाले. नवऱ्याने मध्यस्थी करू का विचारलं, मी नको म्हटलं. बोलायचं होतं तेव्हा तो गॅरेजात होता, आता राहू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आमच्या शेजारचा दत्तू मडगार्डवरनंच पडला होता. यांच्याच ट्रॅक्टरवरनं. वाचला, पण पाय गेला." एवढंच म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिल्या. मी इतकी वर्षं या घरात आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी अण्णा आले आणि किल्ली मागितली. मी दिली. ते बाहेर गेले, ट्रॅक्टरजवळ उभे राहिले आणि घराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "पोरं आत हायत का?" मी म्हटलं, आहेत. "दार लाव." लावलं. मगच त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला.

तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत असंच चाललं. कापून झालं की किल्ली शर्टाच्या खिशात, ट्रॅक्टरला कधीच लावलेली ठेवली नाही. धाकटीला त्यांनी दुसरं काम दिलं: कापायच्या आधी अंगणातले दगड, काड्या, खेळणी गोळा करून बादलीत टाकायची. (पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा उडतो, त्यामुळे हेही काम खरंच होतं.) तिने एकदा सत्तेचाळीस दगड मोजले. तेवढे दगड आमच्या अंगणात कुठून आले माहीत नाही. मला संशय आहे की ती रात्री परत टाकून ठेवायची.

वेळ? एक तास चाळीस मिनिटं, ट्रिमर धरून. म्हणजे निम्मा. अण्णा चालवतात तेव्हा दोन तास, कारण ते मध्ये थांबून वळून कापलेल्या पट्ट्याकडे बघतात. आता ते परत गेलेत. यंदाची शेवटची कापणी मी केली, उताराची दुसरी कापणी ट्रिमरने उरकली, टाकीतलं पेट्रोल संपवलं, पाती काढून धार लावायला दिलीत. काल फोनवर अण्णांनी विचारलं, विळ्याला तेल लावून ठेवलंस का? लावलंय.