सैलान्याचा निवडुंग

इंदूरहून रतलामला जायचे तर आमच्या घरचा शिरस्ता अजूनही रेल्वेचाच. फतेहाबाद सुटले, बडनगर मागे पडले, की दोन्ही अंगांना माळव्याची काळीभोर शेती पसरते. भाद्रपदात सोयाबीनने ती हिरवी झालेली असते आणि सखल जागी पाणी साचून राहिलेले असते. हे साचलेले पाणी मला पूर्वी समृद्धीचे लक्षण वाटे. या खेपेस मात्र मी त्याच्याकडे थोड्या धास्तीनेच पाहत होते. घरी गच्चीवर मामंजींचा निवडुंग आजारी होता आणि त्याचे माहेर पाहायला मी सैलान्याला निघाले होते.

मामंजी रेल्वेत होते. नोकरीची बरीच वर्षे रतलामला गेली. १९७४ साली सैलान्याच्या कुणा माळ्याने त्यांना खांबासारख्या वाढणाऱ्या निवडुंगाचा वीतभर तुकडा दिला, तो त्यांनी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला. पुढे बदली झाली, घर इंदूरला रामबागेत आले, आणि निवडुंगही कुंडीसकट आला. त्याला तीन भुजा फुटल्या. एका रात्री त्याला ओंजळीएवढे पांढरे फूल आले, तेव्हा मामंजींनी सगळ्या घराला झोपेतून उठवून गच्चीवर नेले होते. सकाळी ते फूल मिटून गेले. मामंजी गेल्यावर निवडुंग माझ्याकडे आला. गेल्या वर्षीच्या पावसात त्याच्या दोन भुजा बुडातून मऊ पडून कोसळल्या. यंदा तिसरीच्या बुडाशी तपकिरी डाग दिसला आणि मला रात्री झोप येईना.

सैलाना रतलामपासून वीसएक किलोमीटरवर, बांसवाड्याच्या रस्त्यावर आहे. राठोडांचे हे एक लहानसे संस्थान. खवय्यांना ते राजे दिग्विजयसिंहांच्या १९८२ साली निघालेल्या पाकपुस्तकामुळे ठाऊक असते, पक्षिप्रेमींना खरमोरामुळे; पावसाळ्यात गवताळ माळावर उड्या मारणाऱ्या या पक्ष्यासाठी येथे १९८३ मध्ये अभयारण्य झाले. मला दोन्हीत रस होता, परंतु वेळ नव्हता. परवानगी काढून मी राजवाड्याच्या आवारातल्या निवडुंगांच्या बागेत गेले.

आत शिरताच माणूस जरा बिचकतो. कुणी हंड्यासारखे गोल, कुणी दोन पुरुष उंच खांब, कुणी जमिनीसरपट. आपण मराठीत ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो, त्यात खरे तर दोन निराळी घराणी आहेत. शेताच्या बांधावरचा थोर तोडला की दूध गळते. तो या घराण्यातला नव्हे. खऱ्या कॅक्टसचे काटे एका लहानशा लवदार गादीतून झुबक्याने निघतात, ही त्याची ओळख. हे घराणे मूळचे अमेरिका खंडांतले. आपल्याकडचा फड्या निवडुंगही परकाच. १७९५ साली कंपनी सरकारच्या काळात किरमिजी रंगाच्या लोभाने त्यावर पोसणारा किडा ब्राझीलहून आणला गेला. तो निघाला भलताच! रंग धड मिळाला नाही, निवडुंगांची रानेच्या राने मात्र त्याने फस्त केली. आणि गंमत अशी, की ज्याच्या एका रात्रीच्या फुलासाठी आपण शेजाऱ्यांना चहाला बोलावतो, ते कुंडीतले ब्रह्मकमळही कॅक्टसच आहे, फक्त रानातल्या सावलीत झाडांवर वाढणारे. त्याला पाणी व सावली दोन्ही थोडी अधिक लागतात.

तेथल्या वयस्क माळ्याला मी माझे गाऱ्हाणे सांगितले. पाणी फार मी घालत नाही, पंधरा दिवसांतून एकदा, तेही हात आखडून. त्याने विचारले, कुंडीत माती कोणती? मी म्हटले, आपलीच, काळी. तो हसला आणि माळवीत म्हणाला, "बाईजी, पाणी नी मारे, घुटन मारे."

हे वाक्य मी परतीच्या गाडीत घोळवीत होते. घुटन म्हणजे श्वास कोंडणे. आणि मला एकदम आमच्या तुळशीजवळची छत्री आठवली.

ही छत्री म्हणजे सासूबाईंची ठेव. रोपवाटिकेत तिला 'अम्ब्रेला पाम' म्हणतात, पण ती पाम नव्हे. मोथ्याच्या कुळातली आहे. आपल्या दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा आणि मिसरी लोकांनी ज्यापासून कागद केला तो पपायरस, दोघेही तिचे जवळचे भाऊबंद. गवतासारखी दिसली तरी ती गवत नाही. गवताची काडी गोल, पोकळ आणि पेऱ्यापेऱ्यांची असते; हिची काडी चिमटीत फिरवून पाहा, भरीव आणि तिधारी लागते, पेर एकही नाही. बारा महिने ती पाण्याने भरलेल्या घमेल्यात उभी असते. चार दिवस पाणी आटले तर टोके करपतात. तिची मुळे मात्र आजवर कधी कुजली नाहीत.

दोघांचीही मुळे ओलीत असताना एक जगते, दुसरा मरतो, ते का? छत्रीच्या अंगात वरपासून खालपर्यंत हवेच्या सूक्ष्म वाटा असतात; वरची हवा ती स्वतः चिखलातल्या मुळांपर्यंत पोचविते. निवडुंगाच्या मुळांना ती सोय नाही. त्यांना हवा हवी ती मातीच्या फटींतूनच. आणि आपली काळी माती ओली झाली की फुगून त्या फटी बंद करते. म्हणजे मी पाणी मोजीत बसले होते आणि दोष होता मातीत! आजवर मला ही दोन झाडे एकमेकांची वैरीच वाटत. पण दोघांनीही पानांचा संसार आवरता घेतला आहे. निवडुंगाच्या पानांचे काटे झाले. छत्रीची खरी पाने काडीच्या बुडाशी नुसत्या वेष्टनासारखी उरली, डोक्यावर दिसतात ती फुलोऱ्याखालची उपपाने. हिरव्या खोडानेच दोघांचे पोट बरेचसे भरते. निवडुंग तर इतका काटकसरी, की दिवसा दारे लावून बसतो आणि रात्रीच्या गारव्यात हवा आत घेतो.

घरी पोचल्यावर त्याच दिवशी कामाला लागले. सुरी स्पिरिटने पुसून भुजा आडवी कापली. आत तपकिरी ठिपका दिसला, म्हणून आणखी वर कापली, आणखी वर, अखेर स्वच्छ हिरवा गर लागला तेव्हा हातात जेमतेम वीतभर तुकडा उरला होता. मामंजींनी डब्यातून आणला होता तेवढाच. छत्रीचे डोके कापून लगेच पाण्यात उलटे तरंगवले की दोनतीन आठवड्यांत त्याला मुळे व कोंब फुटतात. निवडुंगाचे नेमके उलट, जखम वाळल्याशिवाय त्याला मातीचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. कापाला हळद लावून तुकडा बारा दिवस सावलीत पालथा ठेवला. मग बिनरंगाची मातीची कुंडी, अर्धी जाड वाळू, पाव भाग विटेचा चुरा, उरलेले पानांचे कुजलेले खत. काळी माती चमचाभरसुद्धा नाही.

एक गोष्ट उरली होती, आणि ती मला दुसऱ्याच दिवशी पहाटे कळली. सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या घेऊन त्या हळूहळू गच्चीचा जिना चढल्या आणि निवडुंगाच्या रिकाम्या कुंडीत तो ओतला. "ह्यांचं झाड तहानलेलं राहील गं," एवढेच म्हणाल्या. रोज ओतीत असणार. मला जिन्यात उभी पाहून त्यांनी विचारले, "झाड कुठं गेलं?"

मी म्हटले, कुंडी बदलायची आहे, सावलीत ठेवलेय. खरे कारण सांगावेसे वाटले नाही, अजूनही वाटत नाही.

छत्रीचे घमेले मी तुळशीला अगदी खेटून सरकवले. डास होऊ नयेत म्हणून आठवड्याला त्यातले पाणी बदलते. निवडुंग पश्चिमेच्या कठड्यावर, पत्र्याच्या छपराखाली गेला. तेथवर सासूबाईंचा हात पोचत नाही. तांब्या आता छत्रीत रिता होतो आणि तिने या दोन महिन्यांत नऊ नव्या काड्या काढल्या आहेत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी निवडुंगाला दोन बोटांनी अगदी हलके वर ओढून पाहिले. तो हलला नाही. सासूबाई खालून विचारीत होत्या, "कसा आहे?" मी वरूनच सांगितले, मुळे धरलीत.