दोन पिंपे

मुलाने गॅलरीत दोन पिंपे मांडली. एकात आरओचे गोडे पाणी, दुसऱ्यात मत्स्यालयासाठी घरी कालवलेला समुद्र. साधे मीठ चालत नाही. खास सागरी मीठ, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम, पाण्यात हळूहळू सोडायचे आणि पंपाने दिवसभर फिरवायचे. दोन्ही पिंपांच्या मधे एक तोटी. मला सूरह रहमानमधला, दोन दर्यांमधला पडदा आठवला.

अम्मीची नजर मात्र आरओच्या मोरीत वाहणाऱ्या नळीवर. तिने उमेदीची वर्षे विहिरीवरून हंडे वाहिले होते. ती नातवाला म्हणाली, "बेटा, वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी उधळू नये, अशी रसूलुल्लाहंची शिकवण आहे."

दुसऱ्या दिवशी तिसरे पिंप आले. त्यातल्या पाण्याने आता फरशी पुसतो. मी आयत आठवत राहिलो. पाणी अम्मीने वाचवले.