कैदेतले हसू

डिसेंबर १९९२. नागपूरच्या मोमिनपुऱ्यात संचारबंदी होती. दार बंद, आम्ही भावंडे गप्प. तेव्हा अब्बांनी फळीवरून ‘गुबार-ए-खातिर’ काढले आणि मौलाना आझादांचा चिमण्यांचा किस्सा वाचायला घेतला.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या मौलानांना नेहरूंसह तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. जगात महायुद्ध पेटलेले आणि इथे मौलानांची लढाई खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी! मोठ्या मोहिमेच्या थाटात त्यांनी स्वतःचाच पराभव लिहिला आहे. मग तह झाला, दाणे टाकले गेले, एकीचे नाव मोती, कुणी कलंदर, कुणी मुल्ला. आम्ही पोट धरून हसलो. अम्मी म्हणाली, “अरे, हळू हसा. बाहेर आवाज जाईल.”

काही पाने उलटली आणि ११ एप्रिल १९४३ चे पत्र आले. कोलकात्यात बेगम जुलेखा वारल्या होत्या. त्यांच्या आजारपणात मौलानांनी सरकारकडे कसलीच विनंती केली नव्हती. शेवटी किल्ल्यातल्या एका जुन्या कबरीचा उल्लेख येतो. तिथे अब्बांचा आवाज अडकला. मला मात्र राग आला. घरी बायको आजारी असताना या माणसाला चिमण्यांवर विनोद कसा सुचला?

पुढे बऱ्याच वर्षांनी सीडीवर ‘स्टॅलाग १७’ पाहिला. बिली वायल्डरचा १९५३ चा चित्रपट, युद्धकैद्यांच्या जर्मन छावणीतला. सुरुवातीलाच पळून जाणारे दोघे गोळ्या लागून मरतात आणि ते निसटणार नाहीत अशी पैज लावणारा सेफ्टन सिगारेटी जिंकतो. पुढे तोच उंदरांच्या शर्यती लावतो. मी हसलो आणि हसल्याची लाज वाटली. ज्या नाटकावरून चित्रपट निघाला, ते लिहिणारे दोघेही त्याच छावणीतले कैदी होते. वायल्डरची आई तर नाझींच्या ज्यूसंहारात मारली गेली होती. म्हणजे हा विनोद दुःख न सोसलेल्यांचा नव्हता.

मौलानांवरचा माझा राग त्या रात्री उतरला. पहारेकऱ्याच्या हाती दाराची किल्ली असते. कशावर हसायचे, हे मात्र कैदीच ठरवतो. तेवढा एक हक्क मौलानांनी सोडला नव्हता.

अब्बा आज नाहीत. त्या दिवशी एवढ्या पुस्तकातून त्यांनी नेमके चिमण्यांचेच पान का उघडले, हे विचारायचे राहून गेले. पुस्तक माझ्याकडे आहे. त्या पानाचा कोपरा अजून दुमडलेला आहे.