आठवड्यातून एकदा

२०१७ साली माझ्या केसपेपरवर पहिली ओळ लिहिली गेली ती अशी : ‘एफ/३८, सी/ओ पॉलिआर्थ्राल्जिया, ई.एम.एस. ६० मि.’ त्याखाली पंधरा दिवसांनी दुसरी ओळ आली : ‘आर.ए.एफ. पॉझिटिव्ह, अँटी-सी.सी.पी. पॉझिटिव्ह, ई.एस.आर. ६८.’ मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, घरी दखनी बोलते, बी.एड.ला इंग्रजी पुस्तकंही चाळली आहेत. पण माझ्याच हाडामांसाबद्दल लिहिलेल्या त्या दोन ओळी मला वाचता येत नव्हत्या.

पुढच्या काही महिन्यांत एकेक अक्षर सोडवत गेले. ‘सी/ओ’ म्हणजे तक्रार कसली आहे ते. ‘पॉलिआर्थ्राल्जिया’ म्हणजे अनेक सांधे दुखणं. ‘ई.एम.एस.’ म्हणजे सकाळचा आखडलेपणा, अर्ली मॉर्निंग स्टिफनेस. डॉक्टरांनी विचारलं होतं, “सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?” घड्याळ कोण बघतं? मी सांगितलं, “फजरच्या वजूला नळ फिरवता येत नाही. चांगलं उजाडलं की बोटं सुटतात.” त्यांनी साठ मिनिटं लिहिलं. वयामुळे झिजलेला गुडघाही सकाळी आखडतो, पण तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. सांध्यांना आतून सूज आणणाऱ्या आजारात तास-तासभर जातो. म्हणजे माझ्या नळाच्या वाक्याला निदानात चांगलीच किंमत होती. हे कळल्यापासून मी डॉक्टरांपुढे ‘खूप दुखतं’ असं मोघम बोलत नाही. डब्याचं झाकण उघडतं का, खडू धरवतो का, सजद्यातून उठताना हात टेकावे लागतात का, तेच सांगते.

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द, संधिवात. मी आजाराचं नाव घेतलं की समोरची बाई म्हणते, “अगं, मला पण आहे,” आणि तेलाची बाटली काढते. तिला असतो झिजेचा, कागदावर ‘ओ.ए.’. मला आहे तो ‘आर.ए.’, ऱ्हुमॅटॉइड. यात शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते. अम्मीला मी एवढंच सांगितलं होतं की वाड्याचा चौकीदारच घर फोडायला लागलाय. तिला ते डॉक्टरांपेक्षा लवकर कळलं. युनानीत याला ‘वजा-उल-मफासिल’ म्हणतात. वजा म्हणजे वेदना, मफासिल म्हणजे सांधे. पण पायाचा अंगठा सुजवणाऱ्या गाऊटला तिथे ‘निकरिस’ असं वेगळं नाव आहे, आणि आयुर्वेदातही आमवात निराळा, संधिगतवात निराळा. जुन्या वैद्य-हकिमांनी जे वेगळं ठेवलं ते आपण बोलताना एकाच पोत्यात भरलं, आणि त्या पोत्यावर तेल चोळत वर्षं घालवली. दरम्यान बोटं वाकडी होतात, ती परत सरळ होत नाहीत.

रिपोर्टातली मराठी-इंग्रजीची गंमत वेगळीच. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं, ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट, असं आम्ही शाळेत मुलांना व्यक्तिमत्त्व-विकासाच्या तासाला शिकवतो. रक्ताच्या कागदावर ते उलटं होतं. आणि तिथेही सरळ उलटं नाही : आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह असूनही हा आजार असू शकतो, आणि पॉझिटिव्ह असूनही नसू शकतो. म्हणून तो एक कागद घेऊन घरी रडत बसण्यात किंवा मिठाई वाटण्यात अर्थ नाही. ‘ई.एस.आर.’ तर फारच साधी गोष्ट निघाली : उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. अंगात कुठे सूज आहे एवढं ते सांगतं. कुठे आणि का, ते सांगत नाही.

एका आकड्याशी मात्र माझं अजून भांडण आहे. ‘डी.ए.एस. २८’. आजार किती जोरात आहे याचे हे गुण. २.६च्या खाली आलं तर आजार शांत, ५.१च्या वर गेलं तर भडकलेला. २८ सांधे दाबून बघतात : खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हातांची बोटं. पायाचे घोटे आणि बोटं त्यात धरलेलीच नाहीत. मी दिवसभर फळ्यापुढे उभी असते. माझी तळपायाची गादी निखाऱ्यावर असल्यासारखी जळते आणि गुणपत्रिकेत मी पास. मी स्वतः पेपर तपासते, त्यामुळे जो धडा परीक्षेला नाही त्याकडे कोणी बघत नाही हे मला ठाऊक आहे. आता मी चपला काढून पाय पुढे करते आणि म्हणते, हेही लिहा.

औषधांच्या चिठ्ठीवरची अक्षरं लॅटिनची आहेत. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. दोनदा, टी.डी.एस. तीनदा, एच.एस. झोपताना. ‘एस.ओ.एस.’ बघून आमच्या शेजारणीला वाटलं होतं की बुडत्या जहाजाचा संदेश आहे. त्याचा अर्थ फक्त ‘गरज पडली तर’. रमजानमध्ये बी.डी.ची गोळी इफ्तार आणि सहरीला बसवता येते, टी.डी.एस.ची बसत नाही. ते शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून ठेवावं. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत आहेच, ती आपल्याच बायका घ्यायला लाजतात.

मला ‘एच.सी.क्यू.’ही आहे. मुळात मलेरियाची गोळी. ही तीन अक्षरं २०२०च्या मार्चपर्यंत फक्त आम्हा लोकांना माहीत होती. मग कोरोनाच्या नावाने ती रोज टी.व्ही.वर आली आणि दुकानांतून गायब झाली. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याने डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो. मी गेले, तर डोळ्यांच्या कागदावर पुन्हा ‘ओ.डी.’. इथे त्याचा अर्थ उजवा डोळा! एकाच फाइलमध्ये, समोरासमोरच्या दोन पानांवर.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण आमच्या मोहल्ल्यातल्या खालांचं झालं ते सांगायलाच हवं. त्यांनाही माझाच आजार. चिठ्ठीवर ‘टॅब. एम.टी.एक्स. १५ ओ.डब्ल्यू.’ असं होतं. एम.टी.एक्स. म्हणजे मेथोट्रेक्सेट, आमच्या आजाराचं मुख्य औषध, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ओ.डब्ल्यू. म्हणजे ‘वन्स वीकली’. दुकानातल्या मुलाने ते ओ.डी. वाचलं असावं, पाकिटावर पेनाने लिहून दिलं, १–०–०. सोबत फॉलिक ॲसिड, तीही तशीच पिवळसर, बारकी. खालांनी अगदी शिस्तीत, बिस्मिल्ला म्हणून, रोज सकाळी मेथोट्रेक्सेट घेतली. सातव्या-आठव्या दिवशी तोंड आतून इतकं सोललं की पाणीही गिळेना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. दवाखान्यात अकरा दिवस काढले तेव्हा वाचल्या. घरात मुलगा बारावी, सून पदवीधर. पाकीट सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचता येईल अशा, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम २०१६ सालीच झाला. पण ‘ओ.डब्ल्यू.’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी ते ओ.डब्ल्यू.च. माझं म्हणणं इतकंच आहे की ही एक सूचना तरी पुऱ्या शब्दांत, वाराच्या नावासकट, पेशंट वाचतो त्या लिपीत लिहावी. मी माझ्या डॉक्टरांपुढे कागद धरला आणि म्हटलं, “सर, इथे मराठीत ‘फक्त शनिवारी रात्री’ लिहा.” ते हसले, पण लिहिलं, वेलांटी चुकली होती, मी सोडून दिली. शनिवार एवढ्यासाठी की दुसऱ्या दिवशीची मळमळ रविवारच्या सुट्टीत जाते. मोहल्ल्यातल्या चार-पाच जणींच्या पाकिटांवर मी उर्दूत वार लिहून दिले आहेत. पण आधी डॉक्टरांना किंवा त्यांच्या सिस्टरला फोन करून, मगच. अंदाजाने एक अक्षरही नाही.

खालांचं औषध आता बदललं आहे. नवी गोळी रोज घ्यायची आहे, आणि खालांचा त्यावर काही केल्या विश्वास बसत नाही. मी शाळेला निघण्याच्या घाईत असते तेव्हाच त्यांचा फोन येतो : “बेटी, ये रोजच की हय ना?”